मृणालला ज्यू अभ्यासात बी.ए. करायचंय

(मुलीचं नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. लिहिण्याआधी तिची आणि आईवडिलांची परवानगी घेतली आहे.)

"मॅडम, हिला जरा समजवा." खुर्चीत टेकायच्या आधीच मृणालचे बाबा म्हणाले. अलिबागजवळ त्यांचं खत-बियाण्यांचं दुकान आहे, आई अंगणवाडी सेविका. मृणाल बारावी आर्ट्सला, अभ्यासात चांगली. लॉ, एमपीएससी, बी.एड. या सगळ्यांवर घरात बोलून झालं होतं. परीक्षा संपली आणि तिने सांगितलं की तिला परदेशात जाऊन ज्यू अभ्यास या विषयात पदवी घ्यायची आहे.

"आता ज्यूंचा आणि आपला काय संबंध? आणि धर्मच शिकायचा तर त्याला कर्ज काढून विलायतेला कशाला जायला पाहिजे? परत आल्यावर हिला काम कोण देणार?" बाबा चिडले नव्हते, खरंच गोंधळले होते. आई तासभर काही बोलली नाही. निघताना मात्र चपला घालता घालता हळूच विचारलं, "मॅडम, त्यासाठी धर्म बदलावा लागतो का हो?"

काम कोण देणार आणि पोरगी तिकडचीच होऊन बसेल का, हे दोन प्रश्न मी करिअर समुपदेशनाच्या कामात वर्षानुवर्षं ऐकते आहे. पाली घेणाऱ्या मुलाच्या घरी ते असतात, पुरातत्त्व घेणाऱ्या मुलीच्या घरी असतात. विषय जितका अनोळखी, तितके ते टोकदार होतात.

पहिल्या भेटीत माझं चुकलं. कलचाचणीत भाषा आणि तर्क दोन्ही वर आले होते, म्हणून मी पटकन म्हटलं, "लॉ कर, हे वाचन सोबत चालू ठेव." ती "बरं" म्हणाली. इतक्या वर्षांत मला त्या "बरं"ची ओळख असायला हवी होती. मूल जेव्हा वाद न घालता बरं म्हणतं, तेव्हा त्याने आपल्याशी बोलणं थांबवलेलं असतं.

दुसऱ्यांदा ती एकटी आली आणि पिशवीतून जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेलं एक पुस्तक काढलं. अलिबागच्या इस्राएल आळीत आज बेने इस्राएलांची, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंची, मोजकी घरं उरली आहेत. त्यातल्या एका आजींकडे मृणाल लहानपणापासून जायची. दर शुक्रवारी संध्याकाळी दिवे लागले की आजी प्रार्थना म्हणायच्या. मग त्यांचा मुलगा त्यांना इस्रायलला घेऊन गेला आणि जाताना त्यांनी हे प्रार्थनेचं पुस्तक तिच्या हातात ठेवलं. एका बाजूला हिब्रू, समोरच्या बाजूला मराठी, देवनागरीत. पानांच्या कडा तपकिरी होऊन झडत होत्या.

"मला ही बाजू येते," मराठी पानावर बोट ठेवून ती म्हणाली. मग बोट पलीकडच्या पानावर नेलं. "ही येत नाही. आजींनाही वाचता येत नव्हती, त्यांना सगळं पाठ होतं. मला वाचायचीय."

मग ती जे बोलत सुटली, ते मी अडवलं नाही. नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून सात जोडपी वाचली, ही बेने इस्राएलांची मूळकथा. शनिवारी, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, तेलाचा घाणा बंद ठेवतात म्हणून पडलेलं शनिवार तेली हे नाव. रोहेकर, पेणकर, किहीमकर, झिराडकर ही गावांवरून आलेली आडनावं. 1796 मध्ये मुंबईत सॅम्युअल दिवेकरांनी बांधलेलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनामंदिर, ज्याला त्यांचे लोक जुनी मशीद म्हणत. आणि 1874 साली पुण्यात छापलेली हगादा, म्हणजे वल्हांडणाच्या, मिसरच्या (इजिप्तच्या) गुलामीतून सुटकेच्या सणाच्या, रात्री वाचायची पोथी. तिच्यातल्या चित्राचा फोटो मृणालच्या मोबाइलमध्ये होता. जमिनीवर बसून मात्सा, म्हणजे सणाची बिनखमिराची भाकर, करणाऱ्या बायका आणि त्यांच्या अंगावर लुगडी. "मिसरातून सुटका झालेल्या बायका आणि लुगड्यात!" हे सांगताना तिचा चेहरा असा फुलला होता, की मला पहिल्या भेटीतला माझा सल्ला आठवून वाईट वाटलं.

तरीही आवड आहे एवढ्यावर मी कुणाला कोट्यवधीच्या वाटेवर ढकलत नाही. आजींवरची माया आणि तीन वर्षं रोज करायचा अभ्यास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आजींची आठवण येते म्हणून हिब्रूची धातुरूपं पाठ होत नाहीत. मी तिला तेच सांगितलं आणि तीन महिन्यांचं काम दिलं. बावीस अक्षरं शिकायची. बायबलच्या उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायाच्या ओळी शब्द फोडून वाचायच्या. तिसरं काम मुद्दाम रुक्ष निवडलं. प्रार्थना नाही, कथा नाही, तालमूदमधलं (ज्यूंचे कायदे आणि त्यांवरच्या चर्चा यांचा हा जुना ग्रंथ) कायद्याचं एक पान घ्यायचं, मूळ आणि भाषांतर शेजारी ठेवून, आणि ते मराठीत समजावून सांगता येईपर्यंत सोडायचं नाही. सेफारिया या संकेतस्थळावर हे सगळं फुकट वाचायला मिळतं. कंटाळा आला तर लपवायचा नाही, मला कळवायचा.

कंटाळा आला. दुसऱ्या आठवड्यात मेसेज आला: "मॅडम, स्वरच लिहीत नाहीत. कानामात्रा नसलेलं मराठी वाचल्यासारखं आहे." पाचव्या आठवड्यात आला: "एका ओळीला चार दिवस." सहाव्यानंतर तक्रारी थांबल्या आणि प्रश्न यायला लागले. मला त्यांची उत्तरं येत नव्हती, येण्याची गरजही नव्हती.

तीन महिन्यांनी तिघांना बोलावलं. मृणालने टेबलावर एका पानाची छापील प्रत ठेवली. मध्ये मोठ्या अक्षरांत मजकूर. एका अंगाला बारीक अक्षरांत रशीची टीका; हा अकराव्या शतकातला फ्रान्समधला भाष्यकार. दुसऱ्या अंगाला त्याच्या नंतरच्या पंडितांच्या चर्चा. बाबा वाकून बघत राहिले. "आमच्या आजोबांच्या पोथीत असंच होतं. मध्ये मूळ, वर-खाली टीका."

"बाबा, आता ऐका. दोन माणसं एक वस्त्र धरून न्यायाधीशासमोर आलीत. हा म्हणतो मला सापडलं, अख्खं माझं. तोही म्हणतो मला सापडलं, अख्खं माझं. काय कराल?"

"अर्धं अर्धं."

"बरोबर. दोघांनी शपथ घ्यायची आणि वाटून घ्यायचं. आता एक म्हणतो अख्खं माझं आणि दुसरा म्हणतो अर्धं माझं. मग?"

बाबा दुकानदार. दोन मिनिटं गप्प बसले, बोटांवर काहीतरी मोजलं. "अर्ध्यावर तर भांडणच नाही, ते पहिल्याचंच. उरलेल्या अर्ध्याचं वाटप. पहिल्याला बारा आणे, दुसऱ्याला चार."

मृणालने पानावरची ओळ दाखवली. तीन भाग आणि एक भाग. साधारण इसवी सन 200 च्या सुमाराला संकलित झालेल्या मिश्नामध्ये, म्हणजे तालमूदच्या मूळ कायदेसंग्रहात, हेच उत्तर आहे.

बाबा तिथे थांबले नाहीत. "त्या पहिल्या भांडणात शपथ काय घ्यायची पण?" "अर्ध्याहून कमी माझं नाही, अशी." "का? तो तर अख्खं माझं म्हणतोय, तशीच घेऊ दे की!" मृणाल हसली. हाच प्रश्न मिश्नावरच्या पुढच्या चर्चेत, गमारामध्ये, विचारलेला आहे. उत्तर असं: अख्ख्याची शपथ घेतली तर त्याला अख्खं देणार आहोत का? नाही. मग 'अर्धं माझं' अशी घेऊ दे? तर त्याने स्वतःचंच आधीचं म्हणणं पाडलं. म्हणून ती अशी आडवळणाची शपथ.

बाबांनी ते पान पुन्हा स्वतःकडे ओढलं. एक अक्षर कळत नसताना कितीतरी वेळ बघत होते. "यालाच धर्म शिकणं म्हणतात का?" त्यांनी विचारलं.

तिथून पुढचं बोलणं सोपं गेलं. विद्यापीठातला ज्यू अभ्यास हे धर्मगुरू होण्याचं शिक्षण नव्हे. त्याचा उगम बर्लिनचा. 1819 मध्ये लिओपोल्ड झुंझ आणि त्यांच्या तरुण मित्रांनी तिथे मंडळ काढलं, ते ज्यू ग्रंथांचा आणि इतिहासाचा इतर कुठल्याही समाजाच्या इतिहासासारखा पुराव्यानिशी अभ्यास व्हावा म्हणून. 1872 मध्ये याच अभ्यासाची उच्च शिक्षणसंस्था त्या शहरात उभी राहिली. नाझी राजवटीने ती 1942 मध्ये बंद केली. आज जर्मनीत हा विषय पुन्हा शिकवला जातो, ज्यू आणि ज्यू नसलेली मुलं एकाच वर्गात बसतात. पदवीत हिब्रू भाषा असते, बायबल आणि तालमूद असतात, मध्ययुगातलं तत्त्वज्ञान, युरोप आणि अरब देशांतल्या ज्यूंचा इतिहास, युरोपातल्या ज्यूंच्या यिडिशसारख्या भाषा, नाझींनी केलेला संहार, इस्रायलची निर्मिती असं बरंच येतं.

आईच्या प्रश्नाला मी नीट वेळ दिला, कारण तो तिने दारात विचारला होता, म्हणजे तो तिच्या दृष्टीने सगळ्यात मोठा होता. प्रवेशाला धर्माची अट नाही. शिवाय ज्यू परंपरा बाहेरच्यांना आपल्यात ओढत फिरत नाही. उलट कुणी स्वतःहून आलं तरी त्याला लांबलचक परीक्षेतून जावं लागतं. आई म्हणाली, "इतकी वर्षं आजींकडे जात होती, त्यांनी कधी काही म्हटलं नाही, हे खरंय." मग तिने दुसरी भीती सांगितली, युद्धाची. ऑक्टोबर 2023 पासूनच्या बातम्या तिने पाहिल्या होत्या. मी खोटा धीर दिला नाही. या विषयाच्या वर्गात गाझावर बोलणं होणार, टोकाची मतं ऐकायला मिळणार, आणि "तू कुणाच्या बाजूची?" असं मृणालला विचारलं जाणार. पण शिकायला इस्रायललाच जायला हवं असं नाही, हे कळल्यावर आई थोडी सैलावली.

आता पैसे. इथे मी कागद काढला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये हिब्रू आणि ज्यू अभ्यासाचा स्वतंत्र विभाग आहे, पण परदेशी विद्यार्थ्याची फीच वर्षाला 25 हजार पौंडांच्या वर. राहणं-खाणं धरून तीन वर्षांचा खर्च कोटीपार. हा पर्याय मी स्वतः खोडला; दुकान गहाण टाकून ही पदवी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. अमेरिकेत येलसारखी काही विद्यापीठं घरची ऐपत न पाहता प्रवेश देतात आणि लागेल तेवढी मदत करतात, पण तिथे जगभरातून अर्ज येतात. भरायला हरकत नाही, भरवसा ठेवायला आहे. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात बी.ए.चं शिक्षण मुख्यतः हिब्रूतून. राहिलं जर्मनी. बर्लिनजवळच्या पॉट्सडॅमला ज्यू अभ्यासात बी.ए. होते, शिकवणीची फी नाही, फक्त सत्राचं किरकोळ शुल्क. त्याऐवजी व्हिसासाठी वर्षाचे 11,904 युरो खात्यात दाखवावे लागतात, आणि जर्मन उत्तम यावं लागतं. बारावीवर थेट प्रवेश सहसा मिळत नाही. आपल्याकडे पदवीचं एक वर्ष करावं लागतं किंवा तिकडे पूर्वतयारीचं वर्ष.

हे ऐकून मृणालचा चेहरा उतरला. तिला याच वर्षी जायचं होतं. बाबा मात्र खुलले, कारण त्यांना एक वर्ष मिळत होतं आणि आकडा डोक्यात मावत होता.

नोकरीचं मी काहीही गोड केलं नाही. "ज्यू अभ्यासाचा पदवीधर पाहिजे" अशी जाहिरात वर्तमानपत्रात येत नाही. हे शिकलेली मुलं अभिलेखागारं, संग्रहालयं, ग्रंथालयं, भाषांतर, पत्रकारिता, अध्यापन यांत जातात, आणि बरीच अगदी वेगळ्याच कामात. प्राध्यापक व्हायचं तर एम.ए., पीएच.डी. असा दहा वर्षांचा हिशोब धरावा. पण मृणालपाशी एक गोष्ट आहे जी बर्लिनच्या किंवा लंडनच्या तिच्या वर्गमित्रांपाशी नसेल: मराठी. बेने इस्राएलांनी एकोणिसाव्या शतकात प्रार्थना, हगादा, चरित्रं, कीर्तनंसुद्धा मराठीत छापली. कोकणातल्या त्यांच्या कबरींवर हिब्रू आणि मराठी दोन्ही लेख आहेत. दोन्ही बाजू वाचणारी माणसं फार थोडी राहिली आहेत. यातून पगार किती मिळेल हे मी सांगितलं नाही. काम पडून आहे, एवढं सांगितलं.

आणि परतीची वाट ठेवली. इतिहासात बी.ए.ला पुण्यात प्रवेश, सोबत जर्मन, आठवड्यातून दोनदा ऑनलाइन हिब्रू. वर्षाअखेरीस जर्मन जमलं नाही किंवा मन उडालं, तर इतिहासाची पदवी पुरी करायची. वाया काही जाणार नाही. तिघांनी मान डोलावली. आईने विचारलं, पुण्यात वसतिगृह मुलींचं वेगळं आहे ना.

याला आता दहा महिने झाले. जर्मनची बी-1, म्हणजे मधल्या पातळीची, परीक्षा मृणाल पहिल्या खेपेला नापास झाली, दुसऱ्यांदा पास झाली. मधल्या काळात ती दोनदा रडत फोनवर आली, आणि एकदा बाबांचाच फोन आला, "इतका ताण असेल तर राहू द्या का?" मी म्हटलं, हे तिला विचारा. त्यांनी विचारलं, ती नाही म्हणाली.

दिवाळीत घरी आली तेव्हा ती बाबांना घेऊन नवगावच्या जुन्या कबरी पाहायला गेली होती. तिथून अलिबागच्या दफनभूमीत गेली आणि एका दगडावरचा हिब्रू लेख वाचायला बसली. तिला चार ओळींपैकी अडीच लागल्या. उरलेल्या दीड ओळीचा फोटो तिने मला पाठवला आहे, आजींनाही. बाबांचं खाजगीत एकच चाललंय: ते युरो ठेव मोडून दाखवायचे की शैक्षणिक कर्जातून. त्यासाठी पुढच्या आठवड्यात आम्ही बँकेत जाणार आहोत.