बीसीजीनंतर परतलेला मूत्राशयाचा कॅन्सर आणि ते ‘नवं प्रोटीन’

ताई, बाबांचा मूत्राशयाचा कॅन्सर बीसीजीनंतर (क्षयाचीच लस, मूत्राशयात सोडून तिथली प्रतिकारशक्ती जागवतात) परत आला, डॉक्टर मूत्राशय काढायचं म्हणतायत, आणि नेमकं आत्ताच नातेवाइकांनी ‘पुण्यात बनलेलं प्रोटीन, कॅन्सर मुळापासून बरा’ असा फॉरवर्ड पाठवला. ऑपरेशन पुढे ढकलायचं का, हा तुमचा प्रश्न.

औषध खरं आहे. नाव ॲन्क्टिव्हा, अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषध नियामक संस्था) एप्रिल २०२४ मध्ये मंजूर केलं. पुणे यात आलं ते सीरम इन्स्टिट्यूटमुळे, पण तो करार बीसीजीच्या पुरवठ्याचा, या प्रोटीनचा नव्हे. आयआयटी मुंबई आणि टाटा हॉस्पिटलच्या कार-टीशीही (रुग्णाच्याच प्रतिकारपेशी बदलून परत देण्याचा उपचार) याचा संबंध नाही. ती रक्ताच्या काही कॅन्सरसाठी आहे.

आता हे प्रोटीन काय करतं ते. प्रतिकारपेशी एकमेकींना निरोप देतात तो सायटोकाइन नावाच्या प्रोटीनांमधून. त्यातलं इंटरल्यूकिन-२ अमेरिकेत १९९२ पासून किडनीच्या पसरलेल्या कॅन्सरसाठी शिरेतून देतात. थोड्या रुग्णांचा कॅन्सर त्याने वर्षानुवर्षं गेला, हे खरं. पण दादरच्या पुलावरून ‘अहो’ म्हणून हाक मारली की सगळेच वळून बघतात, तसं होतं. रक्तवाहिन्या गळायला लागतात, रक्तदाब कोसळतो, आणि कॅन्सरवर चालून जाणाऱ्या पेशींना आवरणाऱ्या ‘नियामक’ टी पेशीही जोरात वाढतात. म्हणून शास्त्रज्ञांनी रेणूच बदलायला घेतला: नियामक पेशी ज्या बाजूने त्याला पकडतात ती झाकायची. कागदावर सुरेख कल्पना. तरी तशा एका गाजलेल्या औषधाची मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरवरची मोठी चाचणी २०२२ मध्ये फसली. त्यामुळे ‘सुधारित प्रोटीन’ एवढं ऐकून मी तरी हुरळत नाही.

ॲन्क्टिव्हात इंटरल्यूकिन-१५ आहे. त्यातलं एक अमिनो आम्ल बदललंय आणि ते रिसेप्टरच्या तुकड्याला व अँटिबॉडीच्या शेपटाला जोडलंय, म्हणजे ते जास्त टिकतं. हे मारक टी पेशी आणि एनके पेशी या कॅन्सरवर हल्ला करणाऱ्या प्रतिकारपेशींना चेतवतं, नियामक पेशींना फारसं नाही. पण माझ्या मते खरी हुशारी जागेची आहे. औषध शिरेतून नाही, बीसीजीबरोबर कॅथेटरने थेट मूत्राशयात जातं. सगळ्या अंगात आरडाओरडा होत नाही.

चाचणीत ७७ रुग्णांपैकी ६२ टक्क्यांमध्ये कॅन्सर दिसेनासा झाला. त्यांच्यातल्या ५८ टक्क्यांचा हा परिणाम किमान वर्षभर टिकला, ४० टक्क्यांचा किमान दोन वर्षं. चांगलंच आहे, पण तुलनेला दुसरा गट नव्हता. आणि एफडीएची २०२४ची ती मंजुरी फक्त अस्तरातल्या सपाट कॅन्सरला, म्हणजे ‘कार्सिनोमा इन सिटू’ला आहे, सोबत मशरूमसारख्या गाठी असोत-नसोत. कॅन्सर स्नायूत शिरला असेल तर हा विषयच संपला.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर औषधाच्या माहितीपत्रकातच आहे: मूत्राशय काढायला उशीर झाला तर कॅन्सर स्नायूत शिरू शकतो किंवा पसरू शकतो, आणि ते जीवावर बेतू शकतं. तेव्हा फॉरवर्डच्या भरवशावर तारीख पुढे ढकलू नका.

डॉक्टरांना मात्र हे जरूर विचारा. बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये मूत्राशयाच्या स्नायूचा तुकडा आला होता का, आणि तो स्वच्छ होता का? बीसीजी पुरेसं झालं होतं का? (सुरुवातीच्या सहापैकी किमान पाच डोस आणि नंतर आणखी किमान दोन, असा ढोबळ निकष आहे. मध्येच थांबलं असेल तर त्याला ‘बीसीजी निकामी ठरलं’ म्हणता येत नाही.) बाबांना ऑपरेशन झेपणारच नसेल, तर जेमसायटाबिन आणि डोसेटॅक्सेल ही केमोची औषधं मूत्राशयात देण्याचा पर्याय बसतो का? परदेशी औषध स्वतःच्या उपचारासाठी मागवायचं तर केंद्रीय औषध नियंत्रकांकडे फॉर्म १२-ए भरून परवाना घ्यावा लागतो. तो खटाटोप वरच्या प्रश्नांची उत्तरं मिळाल्यावरच.

दुसरं मत परळला टाटा हॉस्पिटलात घ्यायचं असेल तर आधीच्या हॉस्पिटलमधून नुसता रिपोर्ट नको, बायोप्सीचे ब्लॉक (मेणात जपलेले तुकडे) आणि स्लाइड्स मागून घ्या. त्या पुन्हा तपासतात, आणि मिळायला कधी कधी दिवस जातात, म्हणून आजच अर्ज द्या.