चुनखडक आहे, मग तेल का नाही?

प्रश्न : आमच्या तालुक्यात चुनखडकाचे मोठे साठे असून त्यांवर सिमेंटचे कारखाने चालतात. ‘मुंबई हाय’चे तेलही चुनखडकातच सापडले, असे वाचले. मग आमच्या भागात तेल सापडण्याची शक्यता का नसावी? (एक वाचक, गडचांदूर, जि. चंद्रपूर)

उत्तर : चुनखडक तेल तयार करतोच असे नाही, बहुधा तो ते केवळ साठवतो. फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या समुद्रात तेलविहिरी खोदणाऱ्या जहाजाने मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर शोधलेल्या मुंबई हायच्या साठ्यातील बहुतांश तेल मायोसीन काळातील (सुमारे २.३ कोटी ते ५० लाख वर्षांपूर्वीच्या) चुनखडकात असले, तरी ते तयार झाले त्याहून जुन्या आणि अधिक खोल असलेल्या, सेंद्रिय द्रव्याने समृद्ध अशा शेल (चिखलापासून बनलेल्या, बारीक कणांच्या) खडकांत. तेथून वर सरकलेले तेल चुनखडकाच्या रुंद उंचवट्यात अडकले आणि वरच्या अभेद्य शेलने त्याला झाकून ठेवले.

साठवणीसाठी पोकळ्या लागतात आणि या बाबतीत चुनखडक मोठा लहरी आहे. वाळूच्या खडकातील सच्छिद्रता प्रामुख्याने कणांमधील जागेवर अवलंबून असते. कार्बोनेट खडक (चुनखडक आणि त्याच्या जातीचे खडक) मात्र पाण्यात विरघळतो, पुन्हा स्फटिकांनी भरतो, डोलोमाइट या मॅग्नेशियमयुक्त खडकात रूपांतरित होतो आणि तडकतोही. मुंबई हायचा चुनखडक साचत असताना समुद्र अधूनमधून मागे हटला, उघड्या पडलेल्या थरांत पावसाचे पाणी मुरले आणि त्याने कोरलेल्या पोकळ्यांत पुढे तेल साठले. मात्र याच विषमतेमुळे उत्पादनाच्या वेळी पाणी सुलभ वाटांनी विहिरीकडे धावते आणि बरेचसे तेल घट्ट भागांत मागेच राहते.

आपल्या भागातील ‘पैनगंगा समूह’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खडकथरांतील चुनखडक पृथ्वीवर प्राणी अवतरण्यापूर्वीचा आहे. केवळ वयामुळे तो बाद ठरत नाही, कारण ओमानमध्ये सुमारे ५४ कोटी वर्षांपूर्वीच्या कार्बोनेट खडकांतूनही तेल निघते. परंतु तेथे त्या खडकांभोवती मिठाचे जाड, भक्कम आवरण आहे. आपल्याकडे खाणीत दिसणारा थर जमिनीवर उघडा पडलेला असल्याने त्यात कधी तेल आले असते, तरी ते टिकले नसते. खोलवर गाडल्या गेलेल्या थरांचा प्रश्न वेगळा आहे. तेथे स्रोत, पोकळ्या आणि आवरण ही तिन्ही आहेत का, हे भूकंपीय सर्वेक्षण (जमिनीत कृत्रिम लहरी सोडून त्यांच्या प्रतिध्वनींवरून थर ओळखणे) आणि प्रत्यक्ष खोदकामानेच ठरते. सिमेंटसाठी मात्र घट्ट चुनखडकही उत्तम चालतो.