पडद्यामागची माणसं : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या घाटावर सिनेमावाले दोन दिवस होते. हिरो नाही, दिग्दर्शक नाही. आठ-दहा माणसांनी आमची बैलगाडी एकाच वाटेनं चौदा वेळा नेली. विचारलं तर म्हणाले, 'सेकंड युनिट.' हे खरं शूटिंग की नुसती तालीम? भाड्याचं अजून नाव नाही.
– एक वाचक, भिलवडी (जि. सांगली)

उत्तर : खरंच शूटिंग होतं, दादा. मोठ्या सिनेमात हिरोच्या तारखा मोजून मिळतात. तो एकीकडे संवाद म्हणत असतो, तेव्हा दुसरी तुकडी भलतीकडेच, त्याचं तोंड लागत नाही असे शॉट उरकत असते. नदी, गर्दी, धावत्या गाड्या, मारामारीतले डुप्लिकेट, दिवा सोडणारा हात.

या हातानं मला एकदा चांगलंच गोत्यात आणलं. मी कॅमेरा असिस्टंट होतो. तुमच्याच कृष्णेवर, वरच्या अंगाला, मेणवलीच्या घाटावर काम चाललेलं. शर्ट तोच, बाही तेवढीच दुमडलेली, लेन्स पहिल्या युनिटनं वापरलेलीच. डुप्लिकेट पोराची अंगठी मीच काढून खिशात ठेवली. अंगठीखालची गोरी पट्टी मात्र आमच्यापैकी कुणालाच दिसली नाही. दिसली ती एडिटरला! चार सेकंदांसाठी पाच जण मुंबईहून परत वाईला आलो. या खेपेला मेकअपवाल्याला घेऊन.

काम हलकं नव्हे. 'गांधी'च्या (१९८२) दुसऱ्या युनिटचे दिग्दर्शक होते 'अर्धसत्य'वाले गोविंद निहलानी. त्यातली अंत्ययात्रा ३१ जानेवारी १९८१ला दिल्लीत चित्रित झाली. तीन लाखांच्या आसपास माणसं आणि अकरा कॅमेरा तुकड्या. एका तुकडीचं ते काम नव्हतंच. २० हजार फूट फिल्म, म्हणजे जवळजवळ पावणेचार तास. पडद्यावर उरले १२५ सेकंद.

आता तुमच्या चौदा फेऱ्या. पहिल्या युनिटनं हीच गाडी तिरप्या उन्हात घेतली असणार. ऊन तसं येईस्तोवर बैलांची चाल आणि धुरळा जमवत बसले असतील. सिनेमात बैल दिसले तर तीन-चार सेकंद, तेही बहुधा पाठमोरे. घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

भाड्यासाठी मात्र सिनेमा लागायची वाट बघू नका. कॅमेरावाल्यांना विचारून उपयोग नाही, पैसे त्यांच्या हातात नसतात. प्रॉडक्शन मॅनेजरचा नंबर काढा आणि याच आठवड्यात गाठा.