तुझ्या अर्जात आजीचं गाव नाही

सोलापूर,
दिवाळीनंतरचा पहिला रविवार

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या परदेशी शिष्यवृत्तीच्या अर्जाचा मसुदा दोनदा वाचला. इंग्रजी स्वच्छ आहे, शोधूनही चूक सापडली नाही. तरी तो मी परत पाठवतेय. पहिल्याच ओळीत तू लिहिलंस की 'मी एका लहान, मागास शहरातून येते', आणि पुढच्या दोन पानांत त्या शहराचं नावसुद्धा घेतलं नाहीस. स्थलांतर, सामाजिक धोरण आणि वेगवेगळ्या संस्कृतींचं एकमेकींशी नातं शिकायला तुला परदेशी जायचंय. हे सगळं ज्या गल्लीत रोज दाराशी उभं असतं, ती गल्लीच तू अर्जातून झाडून टाकलीस. मला वाईट वाटलं, म्हणून हे लांबलचक पत्र.

तू सोलापूरच्या पूर्वभागातली, विणकर आणि बिडी कामगारांच्या वस्तीतली. घरात तेलुगू, शाळेत मराठी, मैत्रिणींच्या घरी कन्नड आणि दखनी. आजी हजार बिड्यांचा हिशेब तेलुगूत करते आणि माल कमी भरला म्हणून कोणी कुरकुर केली की मराठीत भांडते. माणूस भाषा कधी बदलतो आणि का बदलतो, हे तू लहानपणापासून ऐकत आलीस. हे ऐकणं पुस्तकातून येत नाही. पण त्याला शिस्त लावली नाही तर ते नुसती आठवण होऊन राहतं.

माझी पहिली मोठी चूक मी तुझ्याच भागात केली. कामाला लागून वर्षही झालं नव्हतं. एका संस्थेसाठी घरोघरी पाहणी चालली होती. प्रश्नावली बाहेरून तयार होऊन आली होती आणि तिच्यात सुरुवातीलाच विचारलं होतं, 'तुम्ही स्थलांतरित आहात का?' तीन दिवस मी 'नाही'वर खुणा करत गेले. करीमनगरकडून सून म्हणून आलेली बाई म्हणाली, 'मी लग्न करून आले.' ज्याचा आजोबा माग चालवायला आला तो म्हणाला, 'आमचं सोलापूरच.' आठ महिन्यांपूर्वी आलेला मागावरचा मुलगा म्हणाला, 'मी पोटासाठी आलोय', आणि त्याच्यापुढेही मी 'नाही'च लिहिलं. अहवालात पूर्वभागात स्थलांतरित जवळजवळ नव्हतेच. खोटं कोणीच बोललं नव्हतं. 'स्थलांतरित' हा शब्द त्यांचा नव्हता, आमचा होता. ते तक्ते तसेच पुढे गेले आणि ती खंत माझ्या मनातून अजून गेलेली नाही.

त्यानंतर मी वहीत शब्द टिपायला लागले. पोटासाठी आलो. तेलुगूत बतुकु देरुवु, म्हणजे जगण्याची वाट. कन्नडमध्ये 'दुडियाक होग्यार', राबायला गेलेत. ऊसतोडीच्या टोळीत 'उसाला गेले' म्हणतात, नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात, आणि मुकादमाकडून घेतलेल्या पैशाला उचल म्हणतात. 'उचल'चं भाषांतर नुसतं 'कर्ज' केलंस तर मजुरी, बांधिलकी आणि पुढच्या हंगामाची भीती, सगळंच त्यातून गळून जातं. तू ज्याला आंतरसांस्कृतिक संशोधन म्हणतेस त्याचा अर्धा भार अशा एकेका शब्दावर असतो.

आणि मोजणीचं काय होतं तेही बघ. आपल्या जनगणनेत जन्म कुठे झाला, याआधी कुठे राहत होता आणि तिथून का निघालात, असं विचारतात. कारणांत नोकरी, शिक्षण असतं, तसं लग्नही असतं. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे ४५ कोटी स्थलांतरित निघाले, आणि त्यांत सगळ्यांत मोठा गट लग्न होऊन सासरी गेलेल्या बायकांचा. १८८५ साली इंग्लंडमध्ये रेव्हनस्टाइनने जनगणनेचे आकडे तपासून मांडलं होतं की बहुतेक माणसं जवळच जातात आणि जवळच्या जाण्यात बायका पुरुषांपेक्षा जास्त असतात. आपल्याकडची कुठलीही आजी हे त्याला सांगू शकली असती. उलट ऊसतोडीचं बघ. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ६४व्या फेरीत, २००७-०८ मध्ये, अल्पकाळासाठी गेलेला कोण, तर वर्षभरात कामासाठी एक महिना ते सहा महिन्यांच्या आत बाहेर राहिलेला. दिवाळीनंतर गेलेली टोळी गाळप लवकर आटोपलं तर या चौकटीत बसते, लांबलं तर काठावर येते. या आठवड्यात पुणे रस्त्यावर उभी राहिलीस तर संसार लादलेले ट्रॅक्टर दिसतील. व्याख्या कुठे कापते ते तुला तिथे कळेल.

'सामाजिक धोरण' हा शब्द तुझ्या अर्जात आठ वेळा आलाय. मोजला मी. आणि आजीच्या बिडी कामगार कार्डाचा उल्लेख एकदाही नाही. अगं, तेच तर धोरण आहे. १९७६ च्या कायद्यांनी बिडीवर उपकर बसवून कल्याण निधी उभा केला. त्या निधीतून दवाखाने चालले, घरांना मदत मिळाली, बिडी कामगारांच्या मुलांना शिष्यवृत्त्या मिळाल्या. तुला आठवीत मिळाली ती त्यातलीच. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि तो उपकर संपला. आता योजनांचा पैसा सरकारच्या नेहमीच्या अर्थसंकल्पातून येतो, म्हणजे दरवर्षी इतर मागण्यांच्या रांगेत उभा राहून. स्वतःचा राखीव निधी असलेली योजना आणि रांगेतली योजना यांत बाईच्या पदरात पडताना काय फरक पडतो, हा प्रश्न घेऊन तू जगातल्या कुठल्याही विद्यापीठात गेलीस तरी तो खरा प्रश्न आहे. शिवाय कुंभारीची दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत आहे. बिडी वळणाऱ्या बायकांनी झगडून मिळवलेली. घर मिळालं तेव्हा काम किती लांब गेलं, बसभाडं कोणी भरलं, हे तिथे बसून विचार.

घरबसल्या काम करणाऱ्या बायकांचा प्रश्न जिनिव्हालाही पोहोचलाय, तिथे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचं मुख्यालय आहे. ही संघटना १९१९ पासून आहे, पण घरी बसून काम करणाऱ्यांसाठी तिचा वेगळा करार १९९६ साली झाला, क्रमांक १७७. त्यामागे अहमदाबादच्या 'सेवा' संघटनेचा मोठा रेटा होता, आणि 'सेवा'ने ज्यांना संघटित केलं त्यांत बिडी वळणाऱ्या बायकाही होत्या. भारताने या कराराला अजून मान्यता दिलेली नाही. मी पहिल्यांदा त्या इमारतीत शिरले तेव्हा बावरून गेले होते. मग चर्चेत घरी बसून काम करणाऱ्यांचा तुकडादर निघाला आणि मला डोळ्यांपुढे बिड्या वळायचं सूप दिसायला लागलं. तिथून पुढे मला बोलता आलं.

आता पैशांचं. हे कोणी सरळ सांगत नाही म्हणून मी सांगते. संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयात शिकाऊ उमेदवारांना पगार मिळत नाही, आंतरराष्ट्रीय श्रम संघटना भत्ता देते. तुझ्या घरची स्थिती मला माहीत आहे, तेव्हा बिनपगारी सहा महिन्यांच्या मागे लागून कर्ज काढू नकोस. संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवकांना राहण्यापुरता भत्ता मिळतो आणि ते काम भारतातही करता येतं. सुरुवातीच्या व्यावसायिक दर्जाच्या पदालासुद्धा साधारणपणे पदव्युत्तर पदवी आणि दोन वर्षांचा अनुभव मागतात. त्यापुढेही बहुतेक आयुष्य मुदतीच्या करारांवर जातं. २०२५ मध्ये अमेरिकेने मदत आखडली तेव्हा स्थलांतर आणि निर्वासितांसाठी काम करणाऱ्या मोठमोठ्या संस्थांत हजारो पदं गेली. कित्येक चांगली माणसं घरी बसली. हे ठाऊक असूनही यायचं असेल तर ये. मला यायचंच होतं, आणि पुन्हा विचारलंस तरी हेच सांगेन.

शिष्यवृत्त्यांत तू निवडलेला युरोपीय संघाच्या इरास्मुस मुंडुस योजनेतला स्थलांतर आणि आंतरसांस्कृतिक संबंधांचा अभ्यासक्रम तुझ्यासाठी खरंच चांगला आहे. जर्मनीतलं ओल्डेनबुर्ग विद्यापीठ तो सांभाळतं, त्यात आफ्रिकेतली विद्यापीठंही आहेत, आणि शिष्यवृत्ती मिळाली तर महिन्याला १,४०० युरो मिळतात, फी लागत नाही. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीसाठी आधी दोन वर्षांचं काम लागतं, ते तुझ्याकडे अजून नाही. राज्याच्या इतर मागास बहुजन कल्याण विभागाची परदेशी शिष्यवृत्ती आहे, तिच्यात विशेष मागास प्रवर्गही येतो. वडिलांचे दाखले आत्तापासून काढायला घे, तहसीलला वेळ लागतो. केंद्राच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीत पारंपरिक कारागिरांचा गट आहे. आजोबा हातमागावर होते, वडील यंत्रमागावर आहेत, तेव्हा तू त्यात बसतेस का ते समाजकल्याण कार्यालयात कागद घेऊन विचार. पण एक गोष्ट नीट वाच. २०२२ च्या नियमांत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतातल्या समाजावरचं संशोधन या शिष्यवृत्तीतून वगळलं. ज्यांना स्वतःच्या वस्तीबद्दल लिहायचं होतं त्यांच्यासाठीच ते दार अरुंद झालं. मला हे पटलेलं नाही. पण अर्ज भरताना नियम माहीत हवा, नाहीतर वर्ष वाया जाईल.

इथे राहून पदव्युत्तर शिक्षण घेतलंस तरी कमीपणा नाही. देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था १९५६ पासून आहे, आणि आकड्यांचा हात बसवायला याहून चांगली जागा मला माहीत नाही. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं तुळजापूरचं केंद्र तर एसटीने तास-दीड तासावर. तिरुवनंतपुरमच्या विकास अभ्यास केंद्रातून १९९८ साली केरळच्या स्थलांतराची घरोघर पाहणी सुरू झाली. कोण कुठे गेलं, किती पाठवतं, मागे राहिलेल्यांचं काय, असं पुन्हा पुन्हा जाऊन विचारलेलं. आपल्या पूर्वभागाची अशी पाहणी व्हावी, ही माझी फार जुनी इच्छा आहे.

भाषेबद्दल माझं ऐकच. फ्रेंचचे वर्ग सगळेच लावतात. तू अरबी शिक. सिरसिल्ल्याच्या विणकरांतून काहीजण सोलापूर, भिवंडी, सुरतेला आले, आणि त्याच करीमनगर-जगत्यालच्या पट्ट्यातून पुढे कितीतरी माणसं आखातात गेली. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर अजूनही परवानगीची अट पडते, १८ देशांत कामाला जायचं तर प्रवासी संरक्षक या सरकारी अधिकाऱ्याची मंजुरी लागते. अशा माणसाशी तेलुगूत बोलणारी आणि त्याचा अरबी करारनामा वाचणारी संशोधक किती असतील? आधी मैत्रिणीकडून उर्दू लिपी शिकून घे, महिनाभरात अक्षरं बसतील. भैय्या चौकात डॉ. कोटणीसांचं स्मारक आहे तिथे एकदा जा. १९३८ ला पाच डॉक्टर चीनला गेले. चौघे परतले, आपला सोलापूरचा माणूस तिथली भाषा शिकला, तिथेच राहिला आणि १९४२ ला वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच गेला. मला त्यांच्या गोष्टीत सगळ्यांत जास्त ते भाषा शिकणं भिडतं.

एक भीतीही सांगते. हे पत्र वाचून तू आजीचं दुःख अर्जात ओतशील. तसं करू नकोस. तिचे खोकल्याचे दिवस, तिची बोटं, हे निवड समितीपुढे मांडायची वस्तू नाही. जे लिहिशील ते आधी तिला तेलुगूत वाचून दाखव. नको म्हणाली तर खोड. उद्या अनोळखी घरात वही उघडून बसशील तेव्हाही हेच करायचंय, मग घरापासूनच सवय लाव.

डिसेंबरच्या मध्यापर्यंत मला पंधरा पानं दे, मराठीत. तुमच्या गल्लीतली वीस घरं. कोण कुठून आलं, कोणाच्या ओळखीने आलं, आल्यावर पहिली रात्र कुठे काढली, आणि घरातलं आता कोण कुठे आहे. नावं बदल, विचारल्याशिवाय फोटो काढू नकोस. अर्जाची नवी दोन पानं आपण त्यातूनच काढू, तुझ्या मुदतीला तेवढा वेळ आहे.

सुरुवात घरातून कर. परवा मी तुला आजीचं माहेरचं गाव विचारलं तेव्हा तू 'करीमनगर साइडला कुठंतरी' म्हणालीस. दुपारी ती सूप मांडीवर घेऊन बसते तेव्हा हात गुंतलेले असतात, पण बोलायला तिला आवडतं. शेजारी बस, पानं कापून दे, आणि गावाचं नाव विचार. कुठल्या गाडीने आली तेही.

तुझी,
अक्का