पगार कन्नड की मराठी?

प्रश्न : मी बेळगावात उद्यमबागेतल्या फाउंड्रीत कामाला आहे. माझ्या जोडीचा कामगार बैलहोंगलचा. तो म्हणतो, पगार हा कन्नड शब्द, आमच्या घरी आजीपासून सगळे तोच बोलतात. मी म्हणतो, मराठी. खरं कुणाचं?
– एक वाचक, कंग्राळी खुर्द

उत्तर : शब्द तुम्हा दोघांच्याही घरातला आहे, पण आलाय गोव्याकडून. पोर्तुगीज १५१० साली गोव्यात आले आणि साडेचारशे वर्षं राहिले. त्यांच्या भाषेत 'पगार' हे क्रियापद, म्हणजे पैसे देणं, फेडणं. आपण त्याचं नाम केलं. बेंगळुरू-म्हैसूरकडं पगाराला संबळ म्हणतात, आपल्या भागातल्या कन्नडात मात्र पगार सर्रास चालतो. त्यामुळं तुमच्या मित्राला तो आपलाच वाटला तर नवल नाही.

मुळाशी आहे लॅटिन 'पाक्स', म्हणजे शांतता. त्यावरून 'पाकारे', शांत करणं. रोमन लोक एखादा मुलूख जिंकून काबूत आणला की हेच क्रियापद वापरत. पुढं त्याचा अर्थ सावकाराला शांत करणं, म्हणजे त्याचं देणं चुकतं करणं, असा झाला. मला हा अर्थ फार मोलाचा वाटतो. माझे वडील लोंढ्याला रेल्वेत होते. पगार झाला की घरी यायच्या आधी ते वाण्याकडं जात, उधारीची वही उघडायला लावत आणि आमच्या नावावर आडवी रेघ पडल्याशिवाय नवा जिन्नस घेत नसत. त्या रात्री ते निवांत जेवत. 'पाकारे' ते हेच.

स्पॅनिश आणि कातालानमध्येही 'पगार'च, इटालियनमध्ये 'पगारे', फ्रेंचमध्ये 'पेये'. इंग्रजीनं फ्रेंचकडून 'पे' घेतलं, म्हणजे तुमची पे-स्लिप आणि पगार एकाच कुळातले. रोमानियन भाषेनं मात्र जुना अर्थ सोडला नाही. तिथं 'इम्पका' म्हणजे आजही समेट घडवणं; पैसे देण्याला त्यांनी स्लाव्ह भाषांतला वेगळाच शब्द घेतला.

आणि फाउंड्रीत तुम्ही ज्यातून वाळू वाहता ते घमेलंही पोर्तुगीज 'गामेला'वरूनच आलंय, हेही मित्राला सांगा. 'मेस्त्री'बद्दल दुसऱ्या एका वाचकानं विचारलंय. त्याचं कूळ मोठं आहे, पुढच्या अंकात सविस्तर लिहिते.