इंजिन बांधता येते, चेसिस नाही

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

परवा तू पाठवलेले दोन्ही पिकअपचे फोटो मी रात्री चष्मा लावून पुन्हा शांतपणे पाहिले. भांडुपच्या २०१३ च्या गाडीचे आठ आणि कुर्ल्याच्या दलालाकडे उभ्या असलेल्या २०१६ च्या गाडीचे चौदा, असे एकूण बावीस फोटो आहेत. त्यांत सीटची नवी कव्हरे आहेत, मीटर आहे, चारही चाके आहेत, समोरच्या काचेवरचा गणपतीसुद्धा आहे. गाडीच्या पोटाखालचा मात्र एकही फोटो नाही. आणि तू मला विचारतेस की २ लाख ८४ हजार किलोमीटर पळालेली गाडी घ्यावी, की ९६ हजार पळालेली. तुझा प्रश्नच चुकला आहे, हे मी तुला तोंडावर सांगायला हवे होते. चहाच्या टपरीवर चार माणसांसमोर ते नीट सांगता आले नाही, म्हणून लिहितो आहे.

आधी त्या आकड्यांचा निकाल लावू. भांडुपची गाडी बारा वर्षांत २ लाख ८४ हजार चालली, म्हणजे वर्षाला जेमतेम २४ हजार. आठवड्याचे सहा दिवस धरले तर दिवसाला पंचाहत्तर-शहात्तर किलोमीटर पडतात. भांडुपहून वाशीच्या बाजारात दोन फेऱ्या केल्या तरी जवळपास तेवढे होतात. पोट भरणाऱ्या गाडीचा हा सरळ हिशोब आहे. कुर्ल्याची गाडी मात्र नऊ वर्षांत ९६ हजार, म्हणजे दिवसाला चौतीस किलोमीटर चालली असे मीटर सांगते. हप्त्यावर घेतलेली मालवाहू गाडी रोज चौतीस किलोमीटर चालवून कोणता मालक हप्ता भरतो? तसा एखादा असेलही. पण मग क्लचच्या पेडलवरच्या रबराच्या रेघा शाबूत असायला हव्यात. तुझ्या नवव्या फोटोत ते रबर आरशासारखे गुळगुळीत झालेले स्पष्ट दिसते. मीटर मागे घ्यायला फार वेळ लागत नाही आणि पेडलचे रबर बदलायचे बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. शिवाय मुंबईत किलोमीटरला तसाही अर्धाच अर्थ असतो, कारण सायनपासून घाटकोपरपर्यंत गाडी सरकत जाते तेव्हा मीटर हलत नाही, पण इंजिन चालू असते आणि क्लच झिजत असतो. म्हणून मीटर जुन्या सर्व्हिस बिलांशी ताडून पाहा आणि तो विषय तिथेच सोड.

आता मुद्द्याचे. पिकअप म्हणजे शिडीसारखी एक लोखंडी चौकट. दोन लांब दांड्या आणि त्यांना जोडणारे आडवे तुकडे, हीच चेसिस. केबिन तिच्यावर बसते, हौदा तिच्यावर बसतो, इंजिन तिच्यात टांगलेले असते आणि मागचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या, तिलाच अडकवलेले असतात. इंजिन दमले तर पिस्टन-रिंगा बदलून ते पुन्हा बांधता येते. गिअरबॉक्स उतरवता येतो, क्लचप्लेट एका दिवसात बदलते, आणि सुटे भाग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर फिरलीस तर जुने-नवे कसेही मिळतात. चेसिस बांधता येत नाही. ती सडली किंवा तडकली की त्या गाडीला दिलेला प्रत्येक रुपया पाण्यात गेला. इंजिन बांधता येते, चेसिस नाही, एवढे एकच वाक्य मी गेली पस्तीस वर्षे सांगत आलो आहे आणि लोक मान डोलावून पुन्हा बॉनेटच उघडतात.

मीही तेच केले होते, हे तुला कळायला हवे. २००८ मध्ये मी एक जुनी पिकअप घेतली. इंजिन इतके सुरेख होते की मी अर्धा तास बॉनेटवर कान ठेवून उभा होतो. ती गाडी आधी भाऊच्या धक्क्यावरून मासळी वाहत होती, हे विकणाऱ्याने मला सांगितले होते, लपवले नव्हते. मासळीबरोबर बर्फ येतो, बर्फाचे खारे पाणी हौद्याच्या फटींतून रोज रात्री चेसिसवर गळत राहते, एवढा साधा विचार मला सुचला नाही. खालून काळाभोर ताजा रंग होता आणि मी तो निगेचा पुरावा समजलो. आठ महिन्यांनी पहाटे साडेचारला वाशीहून कांद्याच्या गोणी भरून येताना खाडीपुलावर काहीतरी तुटल्याचा आवाज आला आणि आरशात हौदा केबिनच्या रेषेत दिसेना. पूल उतरल्यावर बॅटरी घेऊन खाली शिरलो. मागच्या डाव्या पाट्याचा हँगर, म्हणजे पाटा धरून ठेवणारा कंस, चेसिसमधून उपटून निघाला होता. त्या जागी लोखंड नव्हतेच. लोखंडाचे पापुद्रे होते, त्यांवर रंगाऱ्याने भरलेली लांबी, म्हणजे पुट्टी, होती आणि तिच्यावर तो काळा रंग होता. मी बोटाने दाबले तर बोट आत गेले.

यापुढचे तुझ्या बाबांनी तुला सांगितले नसेल. मी ती गाडी मोडीत काढली नाही. पट्टी मारून वेल्डिंग करून घेतले आणि आणखी चार महिने चालवली, आणि त्या चार महिन्यांत मी स्वतः तिच्यात फारसा बसलो नाही. तुझे बाबा बसत होते. तेव्हा ते माझ्याकडे चालक होते आणि तू दुसरीत की तिसरीत होतीस. हप्ते थकले होते, माझ्याकडे दुसरी गाडी नव्हती, ही सगळी कारणे खरी होती आणि त्यांतले एकही कारण पुरेसे नव्हते. वेल्डिंगने चेसिस जोडल्यासारखी दिसते; पण सडलेल्या लोखंडाला टाका घातला की तो टाका धरतो आणि शेजारचे लोखंड फाटते. चार महिन्यांनी तसेच झाले. गाडी उभी असताना झाले, म्हणून निभावले.

तेव्हा एक दलाल ७० हजार देऊन ती मुंबईबाहेर न्यायला तयार होता. मी ती २८ हजारांना भंगारात दिली आणि माझ्यासमोर कापून घेतली. माझा धाकटा भाऊ आजही दिवाळीच्या फराळाला बसला की ते ४२ हजार काढतो. त्याचे म्हणणे असे, की घेणारा डोळे उघडे ठेवून घेत होता. कसले डोळे उघडे? मी नव्हती का उघडे डोळे ठेवून घेतली? ती गाडी पुन्हा काळा रंग लावून कुणा पोराच्या गळ्यात पडली असती, आणि त्यानेही बॉनेटला कान लावला असता. मी केले ते बरोबरच केले. पुन्हा वेळ आली तर पुन्हा कापून घेईन. चुकले ते आधीच्या चार महिन्यांत.

आता तुझी अडचण. तू म्हणालीस की खाली वाकून पाहायची लाज वाटली, चार पुरुष उभे होते, मालक ‘सगळे ओके आहे’ म्हणत होता. पोरी, पावणेतीन लाख रुपये तुझे जाणार आहेत. मंडपाचे पोलादी पाइप आणि पत्रे तुझे वाहिले जाणार आहेत, आणि गाडीत तू आणि तुझा पोऱ्या बसणार आहात. त्या चार पुरुषांचे यात काय जाणार आहे? मातीत झोप आणि बघ. जो मालक गाडीखाली जाऊ देत नाही त्याच्याशी पुढचा एक शब्द बोलू नकोस.

खाली गेल्यावर केबिनच्या लगेच मागचा भाग आणि पाट्यांचे हँगर जिथे चेसिसला लागतात त्या जागा आधी पाहायच्या, कारण तडे बहुधा तिथूनच जातात. लहान हातोडीने दर वीतभर अंतरावर ठोकत जायचे. चांगले लोखंड खणखणते. सडलेल्या किंवा लांबी भरलेल्या जागी आवाज बसका येतो, आणि एकदा फरक ऐकलास की पुन्हा कुणाला विचारावे लागत नाही. वरवरच्या तांबूस गंजाला घाबरू नकोस, तो या हवेत प्रत्येक गाडीला असतो. पापुद्रे सुटत असतील, वेल्डिंगचे ओबडधोबड टाके दिसत असतील, किंवा बाकी गाडी मळकी असून फक्त चेसिसच ताजी रंगवलेली असेल, तर उठून कपडे झटक आणि घरी ये. चेसिसवर कोरलेला क्रमांकही स्वतः वाच आणि आरसी बुकाशी जुळव. नाव बदलताना त्याचा पेन्सिलने छाप घ्यावा लागतो. गंजाने अक्षरे खाल्ली असतील तर तिथेच अडशील. गाडी कधी पाण्यात बुडाली होती का तेही विचार. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यानंतर कितीतरी बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून बाजारात आल्या होत्या. या दोन्ही गाड्या त्यानंतरच्या आहेत, पण २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात त्या दोन्ही रस्त्यावर होत्या. सीटखालचे नटबोल्ट आणि डॅशबोर्डमागच्या वायरींवरचा सुकलेला गाळ खोटे बोलत नाही.

इंजिन त्यानंतर, आणि तेही थंड. मालकाने आधीच चालू करून ठेवले असेल तर दुसऱ्या दिवशी जायचे. निळा धूर म्हणजे तेल जळते आहे, गाडी तापल्यावरही न थांबणारा पांढरा धूर म्हणजे बहुतेक हेड गॅस्केट, इंजिनाच्या डोक्याखालची सीलपट्टी, गेली. तेल भरायचे झाकण सैल करून पाहिल्यावर भक्कन वाफा आल्या तर रिंगा गेल्या. हे सगळे असले तरी गाडी सोडायचे कारण नाही. मिस्त्रीकडून कामाचा अंदाज लिहून घे आणि तेवढी रक्कम किमतीतून उतरव. २०१३ च्या गाडीचे इंजिन गल्लीतला मिस्त्री बांधू शकतो, हा तर जुन्या गाडीचा मोठा फायदा आहे.

दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या बंद होणार म्हणून तू घाबरली आहेस. राष्ट्रीय हरित लवादाचा २०१५ चा तो आदेश दिल्ली आणि राजधानी परिसरासाठी होता. आपल्याकडे मालवाहू गाडी आठ वर्षांची झाली की दर वर्षी पासिंग करावे लागते आणि पर्यावरण कर भरावा लागतो, आणि या दोन्ही गाड्या आता त्यातच आहेत. कर्जाचा बोजा उतरल्याचा ३५ नंबरचा फॉर्म आणि बँकेचे पत्र हातात आल्याशिवाय पैसे देऊ नकोस; नाव बदलायच्या २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सही तुझ्यासमोर व्हावी; थकलेली दंडाची चलने परिवहनच्या संकेतस्थळावर दिसतात. तुझा मोटारीचा परवाना चालेल. एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला तोच पुरतो, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे.

माझे मत विचारशील तर मला भांडुपची गाडी बरी वाटते. मळकी आहे, फाळका वाकलेला आहे, पण तिने आयुष्यभर मंडपाचेच सामान वाहिले आहे आणि मालक एकच आहे. तरीही मी फोटोवरून हो म्हणणार नाही. रविवारी सकाळी सहाला तिथे भेटू. मालकाला आदल्या रात्री फोन करून सांग की आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका, आणि तुमचे पंधरा-वीस पाइप हौद्यात टाकून ठेवा, म्हणजे चढावर भरलेली गाडी चालवून पाहता येईल. बाबांचे गुडघे दुखत असतील तरी त्यांना आण. हातोडीचा आवाज त्यांच्याइतका मला ओळखता येत नाही. ते बाहेर खुर्चीवर बसून ऐकतील. हातोडी, बॅटरी आणि अंगाखाली घालायला गोणपाट मी आणतो. खाली पहिल्यांदा तू जायचे आहेस.

तुझा,
काका