उंची वाढली, उड्या गेल्या

"मॅडम, वर्षापूर्वी हिला सगळं यायचं हो!"

खेळाडू मुलींच्या आया समुपदेशनासाठी समोर बसल्या की पहिलं वाक्य बहुधा हेच असतं. कधी जिम्नॅस्टिक्स, कधी पोहणं. दुसरं वाक्यही ठरलेलं: "आता वय निघून चाललंय." गेल्या काही महिन्यांत हे इतक्यांदा ऐकलं की एकदा सविस्तर लिहावंसं वाटलं. त्यासाठी एका फिगर स्केटरची, म्हणजे बर्फावर उड्या-गिरक्या घेणाऱ्या मुलीची, गोष्ट निवडलीय, कारण या खेळात ही काळजी सगळ्यात उघडी पडते. तिला विचारूनच लिहितेय आणि ओळख पटेल असं सगळं गाळलंय.

मुलगी पंधरा वर्षांची, ज्युनिअर गटात आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळलेली. तेराव्या वर्षी तिला पाच ट्रिपल उड्या यायच्या, म्हणजे हवेत पूर्ण तीन गिरक्या घेणाऱ्या. मग वर्षभरात उंची 9 सेंटिमीटर वाढली, अंग भरलं आणि आधी लुट्झ नावाची उडी गेली, मागोमाग फ्लिप नावाची. शेवटच्या स्पर्धेत साडेतीन मिनिटांच्या फ्री स्केटमध्ये, म्हणजे स्पर्धेच्या मोठ्या फेरीत, ती तीनदा पडली.

आई बोलत होती तोवर ही बोटावरच्या चिकटपट्टीचं टोक उचकटत होती. आईला बाहेर बसायला सांगितलं, तरी वीस मिनिटं आम्ही गप्पच. (गप्प बसणं हे मला इतक्या वर्षांत नीट जमलेलं एकमेव काम असावं.) शेवटी मीच कबूल केलं, "मला तुझ्या खेळातलं ओ की ठो कळत नाही. उडी जाते म्हणजे नेमकं काय होतं?"

मग ती खुलली. हवेत पाऊण सेकंदही मिळत नाही, तेवढ्यात तीन गिरक्या. अंग जितकं आवळून घ्याल तितका वेग वाढतो. हातपाय लांबले, कंबर रुंदावली की तेवढाच जोर लावूनही गिरकी मंदावते. "मी तेच करते. तस्संच. पण बर्फ लवकर येतो."

'बर्फ लवकर येतो' हे मी माझ्या वहीत लिहून ठेवलं.

पुढच्या काही भेटी झोप, शाळा आणि कोचच्या रागावर गेल्या; त्यात सांगण्यासारखं फार नाही. चौथ्या की पाचव्या भेटीत तिने तिची सरावाची वही आणली. प्रत्येक पानावर दोन रकाने. एकावर 'आज', दुसऱ्यावर 'ती'.

"ही 'ती' कोण?"

"मीच. तेरा वर्षांची." जुने व्हिडिओ पाहून ती रोज रात्री त्या मुलीच्या उड्या मोजायची आणि शेजारी स्वतःच्या लिहायची.

"ती कधी तुझ्याकडून हरलीय?"

"नाही. हरणारही नाही."

इथे समजूत घालायचा मोह होतो. होईल गं सगळं ठीक, तू गुणी आहेस, वगैरे. उत्तर समोरच्याकडेच असतं असं मानणाऱ्यांपैकी मी आहे, त्यामुळे मोह आवरला आणि एवढंच विचारलं, "लुट्झ कशी मारायची, हे तिला मला समजावून सांगता आलं असतं?"

ती बराच वेळ वहीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "नाही. तिला काहीच सांगता आलं नसतं. तिला उडी यायची. मला ती मारावी लागते."

एरवी मी भेटीत लिहीत नाही, त्या दिवशी पेन उचललं. येणं आणि मारणं! लहान, हलक्या अंगाने जे फुकटात दिलं होतं ते त्याने परत घेतलं. आता ती जे मिळवेल ते समजून-उमजून मिळवेल. मुलीचं काही हरवलंय, असं आई, कोच आणि खरं सांगायचं तर मीसुद्धा धरून चाललो होतो. ती मात्र एक नवी गोष्ट शिकायला बसली होती, जुन्या गोष्टीच्या नावाखाली. म्हणून रोज नापास.

कोचशी तिनेच बोलून घेतलं. दीड महिना फक्त डबल उड्या, नव्या अंगाच्या मापाने. वहीतला 'ती'चा रकाना ती खोडेल असं मला वाटलं होतं. तिने ठेवला, फक्त वरचं नाव बदललं: 'कसं'.

आता आईवडिलांसाठी. वय निघून चाललंय हा हिशेबच चुकीचा आहे. आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघाने जून 2022 मध्ये सीनिअर गटाचं किमान वय 15 वरून टप्प्याटप्प्याने 17 करायचं ठरवलं आणि 2024-25 च्या हंगामापासून 17 ची अट लागू झाली. म्हणजे पंधराव्या वर्षी ज्या दाराबाहेर उशीर झाला म्हणून रडताय, ते अजून उघडलेलंच नाही! रशियाची येलिझावेता तुक्तामिशेवा चौदाव्या वर्षी मोठ्या स्पर्धा जिंकली, मग घसरली, 2014 च्या ऑलिंपिकला जाऊ शकली नाही आणि 2015 मध्ये जगज्जेती झाली. जपानच्या काओरी साकामोतोने 2022, 2023 आणि 2024 अशी सलग तीन जागतिक विजेतेपदं मिळवली, तीही ट्रिपल ॲक्सल (साडेतीन गिरक्यांची उडी) किंवा चार गिरक्यांच्या उडीशिवाय. सगळ्याच मुली तिथवर पोचत नाहीत, हेही खरं. पण पंधराव्या वर्षी ते कुणालाच ठरवता येत नाही.

एका बाबतीत मात्र मी गप्प बसत नाही. उड्या परत आणायच्या म्हणून ताटातलं कमी करू नका. रशियाची स्केटर युलिया लिपनित्स्काया पंधराव्या वर्षी 2014 च्या सोची ऑलिंपिकमध्ये सांघिक सुवर्ण जिंकली आणि 2017 मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, ॲनोरेक्सियावरच्या (वजन वाढण्याच्या भीतीने खाणं टाळण्याच्या आजारावरच्या) उपचारांनंतर तिने खेळ सोडला. मुलीची पाळी सलग तीन महिने चुकली, हाडं दुखायला लागली किंवा ती सगळ्यांसोबत जेवायचं टाळायला लागली, तर माझ्याकडे नंतर या, आधी डॉक्टरांकडे जा. आणि रिंकवरून घरी येताना गाडीत 'पूर्वी' हा शब्द नको. एवढा एक शब्द गिळणं आयांना किती जड जातं, हे मी पाहिलंय.

या मुलीचं विचाराल तर फ्लिप परतलीय, आठवड्यातून तीनचारदा नीट जमते. लुट्झबद्दल विचारायचं नाही, असं तिने आईला बजावून ठेवलंय. मलाही.